एकाच गुणात दोन परीक्षा

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूर-नळदुर्ग पट्ट्यात तो खरोखर विचारून भरला, तर एकाच वर्गात तीन-चार भाषा निघतील. बहुतेकांच्या घरी मराठी, पण पुस्तकातली नव्हे. तांड्यावर गोरमाटी. मुस्लिम घरांतून दखनी. आळंद-अक्कलकोटकडे सोयरीक असलेल्या घरांतून कन्नड. जूनमधल्या प्रवेशाच्या घाईत मात्र हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. शाळा मराठी, म्हणून मातृभाषा मराठी, असं लिहून गुरुजी मोकळे होतात. पुढे त्या लेकराला गणितात २० पैकी ७ पडले, की ते गणितात कच्चं ठरतं. त्या सातांमध्ये गणित किती आणि मराठी किती, हे कोणी वेगळं काढत नाही.

या लेखाचा विषय एवढाच आहे. बहुभाषिक वर्गातला प्रत्येक गुण दोन गोष्टी एकदम मोजतो: विषय किती कळला आणि शाळेची भाषा किती आली. या दोन गोष्टी सुट्या केल्याशिवाय गुणाला काही अर्थ नाही, असं माझं मत आहे. आपल्याकडे आणि बाहेर यावर काय काम झालं, सरकारी चाचण्यांनी त्यातलं काय घेतलं आणि काय सोडलं, ते पाहू.

हा मुलूख एकभाषिक कधीच नव्हता. अणदूरचा खंडोबा वर्षातला थोडा काळ नळदुर्गला मैलारपूरच्या देवळात मुक्कामाला जातो, आणि दोन्हीकडे दर्शनाला येणारे भाविक महाराष्ट्रातले तसे कर्नाटकातलेही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, परक्या भाषेत शिकणं आणि परक्या भाषेत तपासलं जाणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याने स्वतः भोगलं आहे. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सगळे विषय उर्दूतून शिकवले जात आणि त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं चालवलं जाई. त्या विद्यापीठाचं मोल कमी करायचं कारण नाही, भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण मराठी घरातल्या मुलाला इतिहास आणि भूगोल आधी उर्दूचा डोंगर चढूनच गाठावा लागे. याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यात, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे काम केलं, त्यामागे स्वभाषेतल्या शिक्षणाची ही ओढही होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटलं आणि मराठी शाळेची भाषा झाली. तेव्हा आपली जी तक्रार होती, ती आज तांड्यावरच्या लेकराची आहे. फक्त आता उर्दूच्या जागी आपण आहोत.

गणितापासून सुरुवात करतो, कारण ‘गणिताला भाषा लागत नाही’ हा समज सगळ्यात घट्ट आहे.

दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ म्हटलं की काही मुलं ५२ लिहितात. ती चुकतात असं आपण म्हणतो, पण ती नीट ऐकून लिहीत असतात: आधी पाच ऐकू आले, मग वीस. ‘एकोणसाठ’ला तर ५ आणि ९ यांतलं काहीच कानावर पडत नाही, कानावर पडतो तो साठ. कन्नडमध्ये पंचवीस म्हणजे ‘इप्पत्तैदु’, वीस आणि मग पाच. एकोणसाठ म्हणजे ‘ऐवत्तोंबत्तु’, पन्नास आणि मग नऊ. तेलुगूतही क्रम असाच सरळ. म्हणजे कन्नड घरातल्या मुलाला दशक-एककाची मांडणी घरच्या भाषेनेच शिकवलेली असते, आणि मराठी शाळेत आल्यावर नेमक्या त्याच घटकात त्याचे गुण जातात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गहजब झाला ते वाचकांना आठवत असेल. विधिमंडळातही त्यावर विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना अडचण येते म्हणून दुसरी वाट दिली आहे. चर्चा मात्र ‘मराठीचा अपमान’ या रुळावर गेली आणि संख्या कळणं व संख्येचं नाव येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. वर्गात हा फरक तपासायला दोन मिनिटं पुरतात. मुलाला काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्या, ‘२५’ अंकात दाखवा आणि तेवढ्या काड्या काढायला सांगा. मग ‘पंचवीस’ असं तोंडी सांगून लिहायला लावा. पहिलं जमलं आणि दुसरं चुकलं, तर शिकवायची आहेत ती संख्यानामं. स्थानिक किंमत त्याला आलेली आहे.

शाब्दिक उदाहरणात गुंता वाढतो. हे उदाहरण पाहा: ‘राधाकडे १५ मणी आहेत. राधाकडे सीमापेक्षा ८ मणी कमी आहेत. तर सीमाकडे किती मणी आहेत?’ उत्तर २३. ‘कमी’ दिसलं की वजाबाकी, असं शिकलेली मुलं ७ लिहून मोकळी होतात, त्यात अस्सल मराठी घरातलीही असतात. ज्याला ‘पेक्षा’ हा शब्दच अजून नीट पचलेला नाही, त्याचं काय होत असेल? ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये अशा चुका शोधायची एक साधी पद्धत मांडली. चुकलेलं उदाहरण घेऊन मुलासमोर बसायचं आणि पाच गोष्टी क्रमाने विचारायच्या. वाच बरं. यात काय विचारलंय? मग काय करावं लागेल? करून दाखव. आता उत्तर लिही. मूल कुठल्या पायरीवर अडलं, ते लगेच दिसतं. पुष्कळ मुलं बेरीज-वजाबाकीपर्यंत पोचण्याआधीच अडतात, हे त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. अणदूरसारख्या ठिकाणी दुसऱ्या पायरीत एक भर घालावी: ‘तुझ्या बोलीत सांग.’ गुरुजींना गोरमाटी येत नसेल तर वर्गातलं दुसरं पोर सांगेल. (ते पोर उत्तरही सांगून टाकेल, तेवढं सांभाळायचं.)

आता विज्ञान, म्हणजे खालच्या वर्गांत परिसर अभ्यास. ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे जातं, या प्रश्नाला समजा दखनी बोलणाऱ्या मुलीने लिहिलं: ‘पानी तापला की वाफ होऊन हवेत जातो.’ वाक्यात ‘ण’चा ‘न’ झाला आहे आणि पाणी पुल्लिंगी झालं आहे. तिच्या घरच्या भाषेत लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाहीच, म्हणून ही चूक तिच्याकडून होणारच. पण बाष्पीभवन तिला कळलंय. शेजारच्याने पुस्तकातली व्याख्या घोकून शुद्ध लिहिली आहे आणि थंड तांब्याच्या बाहेर पाणी का जमतं ते विचारलं तर तो गप्प. एकच आकडा द्यायचा तर कुणाला जास्त द्याल? लाल पेन आपोआप शुद्ध वाक्याकडे झुकतं. त्याऐवजी त्याच उत्तरापुढे दोन आकडे लिहावेत, विषयाचा वेगळा आणि भाषेचा वेगळा. मुलीला विषयात पूर्ण गुण द्यावेत आणि भाषेपुढे ‘लिंग: पाणी तापलं’ एवढी खूण करावी. दिवाळीनंतरच्या वहीत तीच मुलगी ‘पाणी तापलं’ लिहायला लागली, तर भाषाविकास मोजला गेला. त्यासाठी नवा पेपर काढायची गरज नाही, जुन्या वह्या रद्दीत न घालता ठेवल्या की पुरे.

भाषा मोजण्यात आपण आणखी एक घोळ घातला आहे, तो वेगाचा. निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. ‘समजून’ हा शब्द लक्ष्यात आहे, पण घड्याळात मोजला जातो तो वेग. देवनागरीसारखी लिपी एकदा हाताला लागली की मूल न कळणारा मजकूरही घडाघडा वाचतं. आपण नाही का संस्कृत स्तोत्रं वाचत? २०११ नंतर काही वर्षं शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात वाडा आणि कर्नाटकात यादगीर इथे मुलं वाचायला कशी शिकतात, याचा दीर्घ अभ्यास केला. वाड्याकडचं काम नीलेश निमकरांच्या क्वेस्ट या संस्थेबरोबर झालं. यादगीर आपल्या कलबुर्गीच्या पलीकडेच. वर्गात अक्षरं-बाराखडीला मिळतो तेवढा वेळ अर्थाला आणि गप्पांना मिळत नाही, आणि घरची भाषा वेगळी असलेली मुलं त्यात मागे राहतात, हे त्यातून पुढे आलं. उलट बाजूने, बोलीतला उच्चार हा वाचनदोष धरला जातो. अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकातच सांगितलं होतं की मुलाने छापील शब्द आपल्या बोलीत वाचला आणि अर्थ बिघडला नाही, तर ती चूक मोजू नये. ‘पाणी’ला ‘पानी’ वाचणारं मूल वाचतंच आहे.

आणखी एक सापळा आहे, आणि त्यात चांगले शिक्षक जास्त अडकतात. गोरमाटी घरातलं मूल दुसरीत येईतो खेळाच्या मैदानावर फर्डं मराठी बोलायला लागतं. ‘बोलतो तर झकास, मग पेपरात का येत नाही? अभ्यासच करत नाही,’ असा निष्कर्ष निघतो. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून दाखवून दिलं की गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकाची, कारणं देण्याची, व्याख्येची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे तिसरीच्या चाचणीला बसलेलं तांड्यावरचं मूल ऐन वाटेत असतं. घरच्या भाषेतलं शिक्षण वाया जात नाही, याचेही पुरावे जुने आहेत. नायजेरियात १९७० पासून इफे इथे सहा वर्षं योरुबा भाषेतून शिकलेली मुलं इंग्रजीतही मागे पडली नाहीत. ओडिशात अजित मोहंती यांनी कुई भाषक मुलांवर केलेलं काम हेच सांगतं, आणि तिथे २००७ पासून आदिवासी भाषांतून शिकवण्याचा कार्यक्रम चालू झाला. धीर झिंगरन यांनी २००५ मध्ये मांडलेला अंदाज असा, की प्राथमिक शाळेतल्या सुमारे चौथाई मुलांना घर आणि शाळा यांच्या भाषेतल्या अंतरामुळे मध्यम ते तीव्र अडचण येते.

आता आपल्या सरकारी कागदांकडे वळू. कागदावर महाराष्ट्र मागे नाही. शिक्षण हक्क कायद्याने, कलम २९ मध्ये, शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन या दोन्ही गोष्टी सांगितल्या. राज्याने २०१० मध्ये त्याची पद्धत ठरवली: आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला आकारिकाला ७० टक्के भार, पुढे तो उतरत सातवी-आठवीला ४० टक्के. आकारिकाची साधनं पाहा: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. बहुभाषिक वर्गात विषय आणि भाषा वेगळे काढायला याहून चांगली यादी मला तरी सुचत नाही. लेखी चाचणी त्या यादीत आहे, पण अनेकांपैकी एक म्हणून.

प्रत्यक्षात काय झालं, ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ‘वर्णनात्मक नोंदी’ तयार पुस्तकातून उतरवल्या जाऊ लागल्या, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफमधून. ‘स्वच्छता राखतो’, ‘इतरांना मदत करतो’ अशा ओळी साऱ्या वर्गाला वाटून दिल्या गेल्या. दोष सगळा शिक्षकांचा नाही. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता आणि वर निवडणुकीची कामं असताना दुसरं काय होणार?

मग वारं पुन्हा एकसारख्या पेपराकडे वळलं. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या. अलीकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. पेपर राज्यभर एक, आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे. २०१९ ची केंद्रीय दुरुस्ती आणि २०२३ चा राज्याचा निर्णय यांमुळे पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा परत आली आणि फेरपरीक्षेत नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. म्हणजे गुणात मिसळलेली भाषा आता नुसती शेऱ्यापुरती राहिली नाही, तिच्यावर वर्ष अवलंबून आहे. त्यात हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्याने गुणांच्या सरासरीचं दडपण वेगळंच. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात घरची आणि शाळेची भाषा एकच असल्याचं देशभरातल्या सुमारे ७८ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. उरलेल्या मुलांच्या गणिताच्या गुणांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र तालुक्याच्या शिक्षण परिषदेपर्यंत उतरत नाही. ऊसतोडीला गेलेल्या मुलांची गत तर आणखी वेगळी: दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर जाऊन पाडव्याच्या आसपास परतणारं मूल मधल्या काळात काय शिकलं आणि कुठली भाषा उचलून आलं, याची नोंद कुठल्याच चाचणीत होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही: दहावीचा पेपर काही गोरमाटीत निघणार नाही, मग आत्तापासून लाड कशाला? पण विषय आणि भाषा वेगळे मोजा म्हणणं म्हणजे मराठीत सूट द्या म्हणणं नव्हे. उलट, भाषेची उणीव वेगळी दिसली तरच ती भरून काढता येते. आज ती गणिताच्या आकड्यात दडते, आणि मुलाला मराठी शिकवायच्या ऐवजी त्याच वजाबाक्या पुन्हा घोटून घेतल्या जातात. दुसऱ्या टोकाची चूकही माहीत असावी. अमेरिकेत कायद्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची वेगळी वार्षिक भाषाचाचणी होते. हेतू चांगला, पण त्यातून चाचण्यांचा भार वाढला आणि ‘इंग्रजी न येणारा’ हा शिक्का पोरांना वर्षानुवर्षं चिकटला. तिथलंच दुसरं काम आपल्या जास्त उपयोगाचं आहे. जमाल अबेदी आणि कॅरोल लॉर्ड यांनी २००१ मध्ये गणिताचे प्रश्न तेच ठेवून त्यांची वाक्यं सोपी करून पाहिली, तेव्हा विशेषतः मागे पडलेल्या मुलांचे गुण थोडे का होईना सुधारले. गणित सोपं केलं नव्हतं. हे काम पुण्यात पेपर काढणाऱ्यांना उद्यापासून करता येईल.

ज्यांना हा तांड्याचा किंवा मोहल्ल्याचा प्रश्न वाटतो, त्यांनी सेमी-इंग्रजीच्या वर्गात डोकवावं. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. मराठी घरातली हुशार मुलगी ‘चढता क्रम’ लगेच लावते आणि ‘असेंडिंग ऑर्डर’पाशी थबकते. आईबाप म्हणतात, हिचं गणित बिघडलं. सीमेपलीकडे भालकी-औराद-बसवकल्याणकडच्या मराठी घरांतल्या, कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलांचंही हेच होतं. तेव्हा मात्र आपल्याला मातृभाषेचा न्याय लगेच आठवतो. अणदूरच्या वर्गात कन्नड घरातल्या पोराला तो लागू करताना हात आखडतो, हे बरं नाही.

करायचं काय, ते अवघड नाही आणि खर्चिकही नाही. दोन आकड्यांची सवय शिक्षकांनी स्वतःच्या वह्यांपासून लावून घ्यावी, कुणाच्या परिपत्रकाची वाट न पाहता. केंद्र शाळेच्या शिक्षण परिषदेत महिन्याला एकदा तीन-चार चुकलेली उदाहरणं न्यूमनच्या पाच पायऱ्यांवर तपासून पाहावीत. आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नियतकालिक चाचणीच्या सूचनांत एक ओळ घालावी: तिसरी ते पाचवीच्या गणिताच्या पेपरात प्रश्न मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि तोंडी उत्तर मुलाच्या घरच्या बोलीत ऐकण्याची शिक्षकाला मुभा राहील. गणिताच्या पेपरात गणितच मोजायचं असेल, तर ही मुभा नाकारायला एकही कारण उरत नाही.